मदत हवी आहे : ग्रामसभेच्या ठरावात 'रेतीमाफिया' लिहावं का? शब्दाचा मूळ अर्थ काय?

वैनगंगाकाठ : नमस्कार मंडळी. आमच्या रेती घाटावरून रात्री ट्रॅक्टर-टिप्पर भरून जातात. त्याविरुद्ध ठराव घ्यायचा आहे. मसुद्यात 'रेतीमाफिया' शब्द आलाय. पेपरात रोज असतो, पण कायद्यात बसतो का? आणि १२८२ च्या सिसिलीतल्या (इटलीचं बेट) उठावातल्या घोषणेची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला म्हणतात, ते खरं का?

शब्दखूण : आद्याक्षरांची गोष्ट मागाहून रचलेली आहे. उठाव खरा, फ्रेंच अंमलाविरुद्धचा. पण टोळीच्या अर्थाने 'माफिया' लिखाणात येतो तो एकोणिसाव्या शतकात. सिसिलीच्या बोलीत 'माफियुसू' म्हणजे ऐटबाज, कुणाला न जुमानणारा. १८६३ मध्ये सिसिलीतल्या पालेर्मो शहराच्या तुरुंगातल्या कैद्यांवरच्या नाटकाच्या नावात तो आला आणि गुन्हेगारांना चिकटला. १८६५ मध्ये तिथल्या सरकारी अहवालात 'माफिया' आला. त्याआधीचं मूळ अरबी असावं असं बरेच जण मानतात, पण नेमका कोणता शब्द यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

धंदा कसा चालायचा हे कळलं की अर्थ नीट उमगतो. पालेर्मोभोवती लिंबाच्या बागा होत्या. आपल्या संत्र्यासारखंच, झाड फळावर यायला वर्षं लागतात आणि पाणी तुटलं की बाग गेली. म्हणून मालक धमकीला लवकर वाकायचा. राखणदार, पाणी सोडणारा, व्यापारी सगळे टोळीचेच. राखणीचे पैसे दिले नाहीत तर झाडं तोडली जायची. म्हणजे नुसती चोरी नव्हे. दहशत, संरक्षणाची वसुली आणि साक्ष न देण्याचा दंडक. इटलीच्या १९८२ च्या कायद्यातली व्याख्याही हीच खूण धरते : तीन किंवा अधिक माणसं, धाक आणि त्यातून येणारं मौन. नेपल्सची कामोर्रा ही गुन्हेगारी संघटना वेगळी, तिला माफिया म्हणणं ढोबळ आहे.

तलाठी कार्यालयाबाहेरचा : भाऊ, ठरावात तो शब्द टाळाच. एमपीडीए (धोकादायक कृत्यांना आळा घालण्यासाठी स्थानबद्ध करण्याचा राज्याचा) कायदा, १९८१ मध्ये 'वाळू तस्कर' आहे, 'माफिया' नाही. मकोका (राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, १९९९) आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १११ 'संघटित गुन्हेगारी' म्हणतात, आणि तिथे दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं दाखल असावी लागतात. शिवाय नाव घेऊन 'माफिया' लिहिलंत तर अब्रुनुकसानीचा दावा ठोकायला त्याला आयतं निमित्त.

तहसीलदारांना कारवाईला जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७) आणि ४८(८) पुरतं : खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्ती. पण तक्रार 'रेती नेतात' एवढीच असली तर फाईल तिथेच अडते. घाटाचं नाव, गट क्रमांक, तारीख, वेळ, वाहन क्रमांक आणि अंदाजे ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) लिहा. ठरावाची प्रत तहसीलदार आणि ठाणेदार दोघांना द्या, पोच घ्या.

वैनगंगाकाठ : मग वाक्य कसं ठेवू?

तलाठी कार्यालयाबाहेरचा : "अमुक घाटातून, अमुक तारखेस, अमुक क्रमांकाच्या वाहनाने रेतीचे विनापरवाना उत्खनन व वाहतूक होत असल्याचे ग्रामस्थांनी पाहिले, स्थळ पंचनामा करून कलम ४८ अन्वये कारवाई करावी." खाली सूचक, अनुमोदक आणि हजेरीपटाचा उल्लेख. परवाना नाही याची खात्री नसेल तर 'विनापरवाना' ऐवजी 'परवान्याची तपासणी करावी' असं लिहा.