पट ३४, पैसे ३० चे

सुमावहिनी: सर्वांना नमस्कार 🙏 गावच्या शाळेचं संयुक्त अनुदान, म्हणजे वर्षाच्या किरकोळ खर्चाचे सरकारी पैसे आले, १०००० फक्त. पट ३४ आहे आणि यादीत ३० लावलाय. ३० पर्यंत १००००, ३१ झाले की २५०००. चार पोरांपायी १५००० गेले, लाईटबिल थकलंय, वायरमन दोनदा येऊन गेला

बंड्या: चार पोरं गेली कुठं मग 😂

सुमावहिनी: हसू नको रे. धनगरवाड्यावरची आहेत, दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून इनव्हॅलिड दाखवतंय. रोज दोन किलोमीटर चालत येतात ती

नानाकाका: लेखी अर्ज करा. पोच घ्या.

विजूदादा: पण आधार संचमान्यतेला, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना बघतात ना? अनुदानाला कशाला

आत्या: बरोबर बोललास विजू. शिक्षक किती द्यायचे ते आधार व्हॅलिड पोरांवर, अनुदान युडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतल्या पटावर. तिथला आकडा इथं उचललाय कुणीतरी. मी नोकरीत असताना असले दोन घोळ निस्तरलेत

प्रिया: आमच्या शाळेत पण सरकारी पैशाची हीच रड. आरटीईच्या, म्हणजे २५ टक्के राखीव जागांवरच्या मोफत प्रवेशाच्या मुलामागे सरकार द्यायचं ते १७६७० होते ते कोविडच्या वर्षी ८००० केले

बंड्या: प्रियाताई तुमची इंग्लिश मिडियम, फी घेताच की

प्रिया: तू स्वतःची मुलगी कुठं घातलीस ते सांग आधी

काकू: भांडू नका. जत्रेची वर्गणी सहा जणांची बाकी आहे, नावं टाकू का

नानाकाका: लेखी अर्ज करा. पोच घ्या.

सुमावहिनी: नाना, अर्ज दिलाय, मुख्याध्यापक दोनदा जाऊन आले. ऑफिसात म्हणतात वरून आलंय, वरचे म्हणतात खालून माहिती चुकली. ३१ मार्चला ६ दिवस राहिलेत, मग ह्या वर्षीच्या पैशाचं हेड बंद होतं. मी शाळा समितीची अध्यक्ष, गावात लोक मला विचारतात

विजूदादा: वहिनी सॉरी, आम्ही फक्त मेसेज टाकतोय. लाईटबिलाचं मी बघतो, पण अनुदान सोडू नका, पुढच्या वर्षी पण ३० च धरतील

नानाकाका: पोच घेतली का?

सुमावहिनी: नाही दिली त्यांनी

नानाकाका: मग तेच म्हणतोय ना सकाळपासून!!

आत्या: सुमे, युडायसची प्रिंट, जनरल रजिस्टर आणि हजेरी काढून ठेव. पहिल्या एसटीनं येते. पोच घेतल्याशिवाय त्या टेबलासमोरून उठणार नाही मी