रोज कुत्र्यांना घेऊन रानात जाते. पक्षी-प्राणी नीट दिसावेत म्हणून काय करावं?

केरीची_वाट:

नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या केरीला, चोर्ला घाट चढायला लागतो त्याच्या अलीकडे. घरामागे आमची काजूची बागायत आणि तिच्या वर खाजगी रान. माट्टी, किंदळ, कुंभा, मधेमधे बांबूची बेटं. सकाळी फटफटलं की मी दोन्ही कुत्र्यांना घेऊन निघते, व्हाळापर्यंत जाते आणि वरच्या पायवाटेने उतरते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हा नेम आहे, पावसातही मोडत नाही.

बाळू गावठी, तपकिरी, कान कायम उभे. चंपी भाचीने पणजीहून आणून दिलेली, लॅब्रडॉरच्या वळणाची, नाक सदा जमिनीला. गावातल्या रस्त्यावर दोघांना दोरी असते, रानात शिरलं की मी सोडते. सोडलं की चंपी पुढे धावते, पाचोळा वाजतो आणि मी पोचेपर्यंत झाडावरचं सगळं उडून गेलेलं असतं. रानकोंबड्याचं आरवणं रोज ऐकते, कोंबडा मात्र क्वचितच दिसतो. वरच्या बाजूला शेकरूची घरटी आहेत, तिथे चंपी भुंकत राहते आणि शेकरू फांदीला चिकटून खडखडत ओरडत राहते. ते ऐकून मला फार वाईट वाटतं.

बाळूचं वेगळंच. बांबूच्या बेटाजवळ एक वळण आहे. तिथे हल्ली तो रोज थांबतो. उजवा पाय उचललेला, मान किंचित वाकडी, श्वाससुद्धा दिसत नाही. मीही थांबायला लागले. पाचोळ्यातून आधी नुसतं खसखस ऐकू यायचं. परवा मात्र पक्षी दिसला. साळुंकीपेक्षा थोडा लहान, शेपूट जवळजवळ नाहीच. पाठ हिरवी, पोट फिकट मातकट, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळा पट्टा. टुण्णकन उडी मारायचा, चोचीने पान उलटायचा, पुन्हा उडी. तिथेच पहाटे दोन स्वरांची शीळ ऐकू येते. हा नवरंग असेल का? मी तर समजत होते की नवरंग पावसाळ्यातच येतो, आणि आता तर पौष चालू आहे.

आणि दोरीचं काय करावं? शेजारी म्हणतात, कुत्री मोकळी असलेली बरी, रानडुकरं लांब राहतात. अनुभवी लोकांनी सांगावं.

सांगे_डोंगरवाट:

ताई, नवरंगच. तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की शंकेला जागाच नाही. मध्य भारताकडे आणि हिमालयाच्या पायथ्याला तो पावसात वीण करतो आणि थंडीत दक्षिणेकडे सरकतो. आपल्याकडच्या सावलीच्या रानात आणि कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, हिवाळाभर राहतो. उजाडताना आणि मावळताना शीळ घालतो, दिवसभर बहुधा गप्प. म्हणून दुपारी शोधायला गेलेल्याला सापडत नाही. तुम्हाला तो बाळूने दाखवला.

माझं कुळागर नेत्रावळीच्या बाजूला. माझ्याबरोबर तांबडी असते, गावठीच. मी तिच्या मागून चालतो आणि तिच्याकडे बघत चालतो. मला वाटतं या सगळ्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. आपण झाडांकडे बघत राहतो आणि कुत्रं काय सांगतंय ते राहून जातं. त्याचं नाक आणि कान आपल्या कितीतरी आधी काम करतात. कान पुढे, शेपूट स्थिर, पाय उचललेला: जवळच काहीतरी लहान आहे, बहुतेक जमिनीवर. रानकोंबडी, चकोत्री, मुंगूस. नाक वर आणि डोकं हळूहळू डावीउजवीकडे: वास वाऱ्यावरून येतोय, प्राणी लांब आहे. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे आणि घशात घुरघुर: माझ्या अनुभवात गवा नाहीतर डुक्कर. आणि तांबडी शेपूट पोटाखाली घालून माझ्या पोटरीला चिकटली, पुढे यायलाच तयार नाही, तर मी तिला ओढत नाही. तिथून दोघं मागे फिरतो. एकदा अशा जागी दुसऱ्या दिवशी ओल्या मातीत बिबट्याची पावलं होती, गोल, नखं न उमटलेली.

हे सगळं दोरीवर असलेल्या कुत्र्याकडूनच शिकता येतं. मोकळं कुत्रं पुढे पळतं, त्याने काय पाहिलं ते त्यालाच ठाऊक. म्हणून रानातही दोरी ठेवा. हातात नको, कमरेच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे दुर्बिणीला दोन्ही हात मोकळे. माझी आठ बाय बेचाळीसची आहे, दाट रानातल्या कमी उजेडात ती बरी पडते. दोरी सहा फुटांची पुरे. लांबणारी गुंडाळीची दोरी रानात आणू नका, झुडपांत अडकते.

डुकरांबद्दल शेजारी म्हणतात त्यावर मी ठामपणे उलट सांगेन. मोकळं कुत्रं गव्यावर, पिल्लं असलेल्या डुकरिणीवर किंवा अस्वलावर भुंकत जातं आणि ते उलटले की धावत येतं ते थेट धन्याकडे. मागून तेही येतं. संकट लांब राहत नाही, पायाशी येतं.

आता पक्ष्यांचं. चालणं कमी करा. तुमच्या वाटेवर तीन-चार बसायच्या जागा ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी कुत्र्यांना बसवून दहा मिनिटं थांबा. पहिली काही मिनिटं रान गप्प असतं, मग एकेक आवाज परत सुरू होतो. थंडीत मिश्र थवे फिरतात: भृंगराज, निखार, पर्णपक्षी, सातभाईंची भावंडं, खोडावरून उलटे उतरणारे शिलींध्री. भृंगराजाचा आवाज आला की जागचे हलू नका. थवा झाडाझाडांतून सरकत येतो, तुमच्या डोक्यावरून जातो आणि खाली बसलेल्या कुत्र्याकडे लक्षही देत नाही. भृंगराज नकला करतो हेही लक्षात असू द्या. सर्पगरुडाची शीळ ऐकली म्हणून आकाशात शोधत बसाल आणि आवाज शेजारच्या किंदळीवरून येत असेल.

वाटेवर फळाला आलेला उंबर किंवा वड असेल तर ती बसायची पहिली जागा. धनेश, तांबट, हिरवी कबुतरं तिथे येतातच. राखी धनेशाचं खिदळल्यासारखं ओरडणं एकदा ओळखीचं झालं की विसरत नाही. आपला राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, तोही अशाच फळझाडांवर बघायला मिळतो. आणि पांगारा, सांवर फुलली की त्यांच्याखाली बसा. दुसरं काहीच करावं लागत नाही.

डिचोलीची_पक्षीनोंद:

सांगेच्या दादांचं बरंचसं पटलं. दोरीवरचं कुत्रं शिकवतं, हे खरं. पण दोरी बांधली म्हणजे पक्ष्यांना त्रास नाही, असं कोणी समजू नये. सिडनीजवळच्या रानवाटांवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला होता. तिथे दोरीवरचं कुत्रं घेऊन माणूस चालून गेला की पुढच्या काही मिनिटांत दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. नुसता माणूस गेला तर परिणाम बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी. जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांना सगळ्यात जास्त फटका. पक्ष्यासाठी कुत्रं म्हणजे शिकारी प्राणी, मग ते दोरीवर असो की नसो.

म्हणून ताई, माझी विनंती: आठवड्यातून एक सकाळ त्याच वाटेने कुत्र्यांशिवाय जा. त्याच वेळी निघा, त्याच जागी बसा. दोन्ही दिवसांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका आणि कुत्री होती की नव्हती ते टिपणीत लिहा. सत्तरीतल्या रोजच्या वाटेवरच्या अशा नोंदी वर्षभर जमल्या तर त्यांचं मोल मोठं आहे. पाहुणे पक्षीनिरीक्षक येतात ते बोंडला, मोले, चोडणचं सलीम अली अभयारण्य बघून जातात. तुमच्या बागायतीमागच्या रानात रोज कोण जाणार आहे?

आवाज ओळखायला मोबाइलवर मर्लिन हे ॲप ठेवा, मात्र त्याने नाव दाखवलं म्हणून लगेच नोंदवू नका, आधी डोळ्यांनी बघा. भृंगराजाच्या नकलेने तेही फसतं. आणि पक्षी जवळ यावा म्हणून आवाज वाजवू नका, विशेषतः विणीच्या दिवसांत.

एक महत्त्वाचं. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत बऱ्याच पक्ष्यांची जमिनीवर वीण असते. चकोत्री, रानकोंबडी, टिटवी. रातवा तर घरटंच करत नाही, पाचोळ्यावर उघड्यावर अंडी घालून बसतो आणि पाय पडायची वेळ येईपर्यंत दिसत नाही. तुमच्या काजूखाली तो नक्की असणार. चंपीचं नाक जमिनीला असतं म्हणालात, तेव्हा त्या महिन्यांत तरी तिला पायवाटेच्या बाहेर जाऊ देऊ नका. याच दिवसांत धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून चारा देतो. तशी ढोली सापडली तर लांबूनच बघा, खाली कुत्री घेऊन रेंगाळू नका. नर घाबरून फिरकला नाही तर आत मादी आणि पिल्लं उपाशी राहतात.

फोंड्याचा_पशुवैद्य:

पक्ष्यांचं जाणकारांनी सांगितलं, मी माझ्या कामाचं सांगतो, कारण केरी सत्तरीत आहे. माकडताप सत्तरीत २०१५ पासून नोंदवला गेला आहे आणि डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस, म्हणजे नेमके आत्ता. तो पसरतो गोचिडीच्या बारीक पिल्लांमुळे. ती पाचोळ्यात असतात आणि इतकी लहान की तीळ वाटावा. कुत्र्याच्या अंगावर बसून ती घरात येऊ शकतात. रानातून आलात की ओट्याबाहेरच कुत्री तपासा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळ्याच्या पट्ट्याखाली. तुमचे कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा. रानात पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही, दगडावर बसा. वाटेत माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, कुत्र्यांना तर मुळीच नको. लगेच आरोग्य केंद्राला कळवा. मागाहून जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर रानात जाता हे डॉक्टरांना आधी सांगा.

कुत्र्यांना गोचीड मारणारी गोळी मिळते, काही महिनाभर चालतात, काही तीन महिने. वजनावर मात्रा ठरते, तेव्हा डॉक्टरांकडूनच घ्या.

लसी दरवर्षी द्या. रेबीजची सगळे देतात, डिस्टेंपर आणि पार्व्होची राहून जाते. ती फक्त आपल्या कुत्र्यासाठी नसते. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा काहींच्या शरीरात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. आपल्याकडे कोल्हे आहेत, कोळसुंदे म्हणजे रानकुत्री आहेत, बिबटे आहेत. बाळू-चंपीची विष्ठासुद्धा वाटेवर सोडू नका, पिशवीत उचलून आणा.

शेवटचं, फासकी. डुकरांसाठी दुचाकीच्या क्लचच्या तारेचे फास लावतात, ते बागायतीच्या कडेला आणि झुडपांतल्या वाटांवर असतात. मोकळी कुत्री त्यात अडकतात. तार कमरेला आवळून आत रुतलेली कुत्री मी टेबलावर घेतली आहेत. त्याच फासात बिबटाही अडकतो. दिसली फासकी तर वनखात्याला सांगा.

केरीची_वाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आजपासून दोघांनाही रानात दोरी. बाळूला फरकच पडला नाही, चंपीने सुरुवातीला ओढाओढ केली, मग व्हाळापाशी दगडावर बसले तर तीही पायाशी पसरली. बसल्या जागेवरून उंबरावर राखी धनेशांची जोडी दिसली. नर फळ चोचीच्या टोकात धरून वर उडवायचा आणि झेलून गिळायचा, पुन्हा पुन्हा. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला होता, खाताना कधी बघितलं नव्हतं. शेकरूच्या झाडाखालून आम्ही न थांबता पुढे गेलो.

रविवारची फेरी कुत्र्यांशिवाय, हे ठरलं. तेव्हा भाचीला बरोबर घेईन, ई-बर्डचं तिला जमतं. फासक्यांचं वाचून यजमान आज बागायतीची कड तपासायला गेले आहेत.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. पावसात गोचीड कमी दिसते, मग गोळी तेव्हा थांबवली तर चालेल का? आणि दादा, मी फटफटतानाच निघते, बिबट्याच्या दृष्टीने ती वेळ बरोबर आहे का?

सांगे_डोंगरवाट:

ताई, अर्धा तास उशिरा निघा, नीट दिसायला लागल्यावर. झुंजूमुंजू आणि तिन्हीसांज या बिबट्याच्या फिरायच्या वेळा आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. पक्षी सूर्य वर आल्यावरही तासभर भरपूर असतात, तुमचं काही चुकत नाही. नवरंगाची पहाटेची शीळ ऐकायची असेल तर कुत्री घरी ठेवून अंगणातून ऐका. आणि एक, व्हाळापलीकडे अभयारण्याची हद्द कुठे लागते ते वनरक्षकाकडून दाखवून घ्या, तिच्या आत कुत्री न्यायची नाहीत.

फोंड्याचा_पशुवैद्य:

गोळी पावसातही चालू ठेवा. कुत्र्यांना टिक फिव्हर देणारी गोचीड घराच्या भिंतीत, फटींत वर्षभर जगते. पावसात त्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भर, साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोची लस मे संपण्याआधी घ्या. चंपीचं वय आणि वजन कळवा, लॅब्रडॉरच्या वळणाची असेल तर गोळीची मात्रा बाळूपेक्षा वेगळी लागेल.