बायपोलर आणि योग: भस्त्रिका करू द्यावी का? मदत हवी आहे

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होणारा मानसिक आजार) आहे. ६ वर्षं लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू आहे, गेल्या आठवड्यापर्यंत तब्येत स्थिर होती. दोन महिन्यांपूर्वी तो योगवर्गाला जायला लागला. आधी फक्त आसनं आणि शवासन होतं, तेव्हा खरंच फरक दिसला. रात्री वेळेवर झोपायचा, चिडचिड कमी झाली.

आता वर्गात भस्त्रिका आणि कपालभाती हे जलद श्वासाचे प्रकार सुरू झालेत. गेल्या आठवड्यापासून तो पहाटे साडेतीनला उठतो, सलग बोलत सुटतो आणि म्हणतो, "ताई, इतकं हलकं कधी वाटलंच नव्हतं." मला मात्र धडकीच भरली. मागच्या वेळी उन्मादाची (मूड टोकाचा वर जाण्याची) सुरुवात अशीच, झोप कमी होऊन झाली होती. जलद श्वसनाने उन्माद उसळू शकतो, असं वाचलंय. शिवाय घाम फार गेला आणि पाणी कमी पडलं, तर रक्तातलं लिथियम वाढतं, ती वेगळीच काळजी.

डॉक्टरांना फोन केलाय, उद्या भेट आहे. गोळ्या बंद करायचा प्रश्नच नाही (शेजारचे काका सुचवून गेलेच म्हणा!). योग पूरक म्हणूनच हवाय, पण तो पूर्ण सोडायला लावायचं माझ्या जिवावर येतंय.

घरात कुणाला बायपोलर असून योग चालू आहे का? कोणते प्राणायाम वगळलेत? अनुलोम-विलोम, भ्रामरी चालतात का? आणि योगशिक्षकांना आजाराबद्दल सांगितलंत का? भाऊ सांगायला तयार नाही, त्याला कसं समजावू?