मदत हवी आहे : बॅचचे सहा लाख विद्यापीठातल्या आपल्या विभागाला द्यायचेत, कसे आणि कशासाठी द्यावेत?

एमेस्सी९९
नमस्कार मंडळी. आमच्या एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या बॅचची पंचविशी झाली. विद्यापीठ राज्य शासनाचं. ग्रुपवर साधारण सहा लाख जमतील असं दिसतंय. सात जण परदेशात आहेत, त्यातल्या चौघांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय. गट तीन पडलेत: प्रयोगशाळेला एखादं उपकरण, बॅचच्या नावाने कायमची शिष्यवृत्ती, आणि विभागाच्या दाराशी कमान. (कमान आपोआप मागे पडावी ही माझी इच्छा.)
पैसे विद्यापीठाच्या नावाने द्यायचे की माजी विद्यार्थी संघाच्या? परदेशातल्यांचे कसे घ्यायचे? आणि एवढ्या रकमेत खरंच उपयोगी काय? ८० जी ची (देणगीवरच्या आयकर वजावटीची) सवलत मिळावी असं निम्म्या लोकांचं म्हणणं आहे.

हिशेबनीस
पहिली गोष्ट, पैसे तुमच्या बचत खात्यात गोळा करू नका. सगळ्या बॅचमध्ये होतं ते हेच: एक उत्साही मित्र सगळ्यांचे पैसे घेतो, एकच चेक देतो आणि ८० जी चं प्रमाणपत्र त्याच्या एकट्याच्या पॅनवर निघतं. बाकीच्यांना काही मिळत नाही, वर त्याला खात्यातल्या जमेचा खुलासा देत बसावं लागतं. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात पाठवावेत. तुम्ही फक्त तक्ता ठेवा: नाव, पॅन, पत्ता, रक्कम, तारीख, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक. तोच संस्थेला द्या. संस्था वर्षअखेरीनंतर ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी (देणगीदारांची यादी) भरते, त्यातून तुमचा १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) निघतो. नुसत्या पावतीवर वजावट मिळत नाही, १०बीई लागतो. पॅन चुकला की तिथेच गाडी अडते.
रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिली तर वजावट नाही. आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ८० जी चा काहीच फायदा नाही, हे ग्रुपवर आधीच सांगा. निम्मा वाद तिथेच मिटेल.
संघ की विद्यापीठ? संघाची तीन कागदपत्रं मागा: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, मुदतीत असलेलं ८० जी, आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल. जुन्या संघांची नेहमीची दुखणी म्हणजे पदाधिकारी बदलले पण चेंज रिपोर्ट (त्या बदलाची धर्मादाय आयुक्तांना द्यायची माहिती) दाखलच नाही, किंवा ८० जी चं नूतनीकरण राहून गेलेलं. असं असेल तर सरळ विद्यापीठाला द्या, पण विद्यापीठाचं ८० जी ही तपासूनच.
विद्यापीठाला देताना मेख वेगळी असते. रक्कम सर्वसाधारण निधीत जमा झाली की विभागाला ती काढता काढता वर्ष जातं. पैसे पाठवण्याआधी वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडून स्वतंत्र लेखाशीर्ष (हिशेबातलं वेगळं खातं) मागून घ्या. देणगी स्वीकारण्याचा ठराव व्यवस्थापन परिषदेत होतो, तेव्हा पुढची बैठक कधी ते विचारा. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या विभागासाठी, कोणत्या कामासाठी, आणि रक्कम कायम निधीत ठेवायची की खर्चायची. कायम निधी म्हणून लेखी सांगितलं नसेल तर ती चालू देणगी धरली जाते.

ग्रीनकार्ड_नाही_अजून
परदेशातल्यांचे दोन ढीग करा. भारतीय पासपोर्ट असलेले तिघे स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतात ती विदेशी देणगी ठरत नाही. एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून द्यावी, सोबत पासपोर्टची प्रत जोडावी.
नागरिकत्व बदललेले चौघे मात्र विदेशी स्रोत, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असलं तरीही. त्यांची देणगी फक्त एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला घेता येते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं लेखापरीक्षण सक्तीचं असलेल्या संस्थांना सूट आहे. तुमचं विद्यापीठ त्यात बसतं का, हे वित्त विभागाकडून लेखी घ्या. संघाला ही सूट लागू नाही. नवी नोंदणी काढू म्हणाल तर तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.
चौघांनी भारतातल्या मित्राला पाठवायचे आणि त्याने पुढे द्यायचे, ही युक्ती कुणीतरी सुचवेलच. करू नका. दुसऱ्या हातातून आला तरी कायद्याच्या दृष्टीने तो विदेशी पैसाच असतो.

फ्यूमहूड
आता उपकरणाबद्दल. सहा लाखांत नवं एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) येत नाही, आणि जुनं कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. यंत्र घेणं सोपं, चालवणं महाग. सी-१८ कॉलम (घटक वेगळे करणारी नळी), एचपीएलसी दर्जाचं अॅसिटोनायट्राइल हे द्रावक, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) हे सगळं दरवर्षी लागतं, आणि विभागाच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद नसते. त्यात एखाद्याने बफर (क्षारांचं द्रावण) यंत्रात रात्रभर तसाच ठेवला, पाण्याने धुतला नाही, की क्षार आत जमतात. पंपाचं सील घासतं, कॉलम बंद पडतो आणि यंत्रावर कापड पडतं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद असल्याने ते हलवताही येत नाही.
उलट बंद असलेलं चालू करून द्या. विभागप्रमुखांकडून यादी मागवा: कोणतं यंत्र, कधीपासून बंद, काय गेलंय, दुरुस्तीचं कोटेशन किती. यूव्ही-व्हिजिबलमध्ये (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रात) बहुतेक वेळा डॉयटेरियमचा दिवाच गेलेला असतो (साधारण हजार-दोन हजार तास चालतो). क्वार्ट्झच्या क्युव्हेट (नमुना ठेवायच्या कुप्या), रोटाव्हेपरचा (द्रावक उडवून काढणाऱ्या यंत्राचा) व्हॅक्यूम पंप, फ्यूम हूडचा (घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाचा) पंखा यांचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून होतो. यातलं फ्यूम हूड आधी. तो विद्यार्थ्यांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

एमेस्सी९९
धन्यवाद, खूपच नेमकं. मग शिष्यवृत्तीचा कायम निधी केला तर?

हिशेबनीस
हिशेब करून बघा. सहा लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३९,००० रुपये. मेसचे महिना ३,००० धरले तर दहा महिन्यांचे ३०,०००. म्हणजे एका मुलाचं जेवण भागतं, ९,००० उरतात. दहा वर्षांनी मेस महागेल, व्याज तेवढंच राहील. तेच पैसे वर्षाला १,२०,००० असे पाच वर्षांत खर्चून संपवले तर दरवर्षी चार मुलांचं जेवण होतं. आयआयटी मुंबईला २०२३ मध्ये नंदन निलेकणींनी ३१५ कोटी दिले, त्या आकड्यांना कायम निधी शोभतो. आपल्याला खर्चून टाकणं परवडतं.
माझं मत विचाराल तर दीड लाख दुरुस्तीला, एक लाख अडीअडचणीच्या फिरत्या निधीला, बाकी साडेतीन लाख पाच वर्षांच्या मेसला (वर्षाला ७०,०००, म्हणजे दोन मुलं आणि थोडं वर). फिरता निधी कशाला? महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरची शिष्यवृत्ती उशिरा येते, परीक्षा अर्जाची तारीख मात्र थांबत नाही. नियम छोटे ठेवा: एका विद्यार्थ्याला कमाल ५,०००, बिनव्याजी, विभागप्रमुख आणि एक शिक्षक अशा दोन सह्या, सात दिवसांत निर्णय, शिष्यवृत्ती आली की परतफेड. थोडे पैसे बुडतील, ते धरूनच चाला. गुणांची अट मात्र घालू नका. पहिल्या नंबरवाल्याला बक्षिसं पुष्कळ असतात.

फ्यूमहूड
पैशांपलीकडचं एक. एम.एस्सी. पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात आता चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आहे, १२० तासांचं. रोज आठ तास धरले तर १५ दिवस. मुलांना जागा मिळत नाहीत, मग ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून सही आणली जाते. तुमच्या बॅचमधले लोटे, कुरकुंभ, तारापूर, पाताळगंगा इथल्या रसायन कंपन्यांमध्ये असतीलच. प्रत्येकाने दोन जागा दिल्या तरी विभागाचं मोठं काम होईल. एचआरकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच बोला. मार्चमध्ये ऑडिट आणि वर्षअखेर, तेव्हा कुणी दारात उभं करत नाही. आधी ठरवून घ्यायचं: विभागाचं पत्र, विमा, पहिल्या दिवशी सुरक्षेचं प्रशिक्षण, राहण्याची सोय (मुली बऱ्याचदा याचमुळे नाही म्हणतात), आणि शेवटी तासांची नोंद असलेलं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र.

एमेस्सी९९
हे ग्रुपवर टाकतोय. कमानवाल्यांना काय सांगू?

ग्रीनकार्ड_नाही_अजून
दुरुस्त झालेल्या फ्यूम हूडवर बॅचचं नाव लिहिलेली स्टीलची पट्टी लावा. विद्यार्थी रोज वाचतील. कमानीला बांधकाम विभागाची मंजुरी आणि निविदा लागेल, हेही सांगा.