१५० एचपीच्या इंजिनाला नायट्रस लावावं की सुपरचार्जर? (चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

चौथा गिअर

इंजिन २ लिटर, ४ सिलिंडर, साधं पेट्रोल, टर्बो नाही. बोअर ८६ मिमी, कॉम्प्रेशन रेशो १०.५, पोर्ट इंजेक्शन. क्रँकवर १५० एचपी आणि १९० न्यूटन मीटर, लिमिटर (इंजिनाचा वेग रोखणारी मर्यादा) ६,८०० आरपीएमला. पिस्टन कास्ट (ओतीव), पिस्टन क्रँकला जोडणारे रॉड मूळचेच. ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप होतो. गाडी रोजच्या वापरातली; अधूनमधून ट्रॅकवर जाते, जास्त करून सरळ धावेसाठी, कधी वळणांच्या ट्रॅकवरही. २१० ते २२० एचपी हवेत आणि इंजिन उघडायचं नाही. ७५ एचपीचा नायट्रस शॉट (बाटलीतला नायट्रस ऑक्साइड इंजिनात सोडणं) की ६-७ पीएसआय जादा दाबाचा सुपरचार्जर (इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा, हवा दाबणारा पंप)? आधी काय मोडतं आणि का, हे कळलं तर ठरवणं सोपं जाईल.

रिंगगॅप

दोन्हीचं काम एकच: सिलिंडरमध्ये जास्त ऑक्सिजन घालणं. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. शिवाय तो बाटलीतून द्रवरूपात येतो आणि नोझलमधून सुटताना उकळतो (उत्कलनबिंदू उणे ८८ अंश), त्यामुळे आत जाणारी हवा थंड होऊन दाट होते. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लागत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू.

पण एक गोष्ट किट विकणारे सहसा सांगत नाहीत. जेट (नोझलमधलं मोजलेलं छिद्र) दर सेकंदाला ठरावीक वजनाचा वायू सोडतो, आरपीएम कितीही असो. म्हणजे जादा एचपी जवळपास कायम राहतात आणि जादा टॉर्क आरपीएम खाली गेला की वाढतो. ७५ एचपीचा शॉट ६,००० ला साधारण ८८ न्यूटन मीटर भर घालतो, ३,००० ला १७५! तुमच्या इंजिनाचा मूळ टॉर्कच १९० आहे. रॉड वाकतात ते इथे, वर नाही. म्हणून ठरावीक आरपीएमच्या आतच नायट्रस सोडणारा विंडो स्विच हवाच: खालची मर्यादा ३,५०० आणि वरची ६,५००. लिमिटर इंधन तोडून काम करत असेल तर वरची मर्यादा जास्तच महत्त्वाची. इंधन बंद झालं आणि नायट्रस चालू राहिला, तर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही.

बाकीचे आकडे: टायमिंग (ठिणगीची वेळ) दर ५० एचपीमागे २ अंश मागे, म्हणजे तुम्हाला ३ अंश, तेही फक्त नायट्रस चालू असताना. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर नेणारा), गॅप १.१ वरून ०.८ मिमी. बाटली ४.५ किलोची घेतली तर ७५ एचपीला सेकंदाला साधारण ३४ ग्रॅम जातात. हिशेबाने १३० सेकंद होतात, पण शेवटी दाब पडतो, म्हणून कामाचे १०० धरा. सरळ धावेला ८-१० फेऱ्या निघतात. वळणांच्या ट्रॅकवर तेवढा साठा काही मिनिटांत संपतो.

पुली

रोजची गाडी आणि वळणांचा ट्रॅक म्हटल्यावर मी सुपरचार्जरच सांगेन, पण कोणता ते आधी ठरवा. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू (दोन रोटरचे प्रकार) कमी आरपीएमपासून बूस्ट (जादा दाब) देतो. सेंट्रिफ्यूगलचा (टर्बोसारख्या पंख्याचा) बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ६,५०० ला ७ पीएसआय मिळत असेल तर ३,२५० ला जेमतेम २. ऐकायला कमीपणा वाटतो, पण मूळच्या रॉडांना हेच मानवतं. टॉर्क जिथे आधीच जास्त आहे तिथे तो भर घालत नाही. आडव्या बसवलेल्या इंजिनात जागेच्या दृष्टीनेही सेंट्रिफ्यूगल सोयीचा, कारण मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) बदलावा लागत नाही आणि समोर साधा हवेचा इंटरकूलर बसतो.

इंटरकूलर टाळू नका. समुद्रसपाटीला ७ पीएसआय म्हणजे दाबाचं गुणोत्तर १.४८. ३० अंशांची हवा एवढी दाबली की आदर्श स्थितीतही ३६ अंशांनी तापते. जुन्या धाटणीच्या रूट्सची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर वाढ ६० अंश, म्हणजे ९० अंशांची हवा सिलिंडरमध्ये. चांगला सेंट्रिफ्यूगल ७५ टक्क्यांना ७८ अंशांवर आणतो. १०.५ कॉम्प्रेशनला अशी हवा आत गेली की नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) ठरलेलंच. तुमच्या पिस्टनला मी ६ पीएसआयवर थांबेन, त्यातही टायमिंग दर पीएसआयला साधारण १ अंश मागे घेऊन सुरुवात.

सुपरचार्जर फिरवायला क्रँककडून १० ते १५ एचपी जातात, ते हिशेबात धरा.

बिघाड होतात ते बेल्टचे. लॉगमध्ये (सेन्सरच्या नोंदीत) बूस्ट ५,५०० पर्यंत चढून मग सपाट झाला किंवा उतरला, तर बेल्ट घसरतोय. लोक टेन्शनर आवळत जातात आणि सुपरचार्जरचं बेअरिंग घालवतात. आधी पुल्या एका रेषेत आहेत का, स्टीलची पट्टी लावून पाहा. मग लहान पुलीवर बेल्टचा वेढा किती आहे ते बघा. कमी असेल तर आयडलर सरकवा. तरीही घसरला तर ६ ऐवजी ८ रिबचा बेल्ट.

आणखी दोन गोष्टी सगळे विसरतात. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधले वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) नसेल तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि ऑइल सील बाहेर ढकलतो. ब्रेक बूस्टरच्या नळीतला चेक व्हॉल्व्हही नवा टाका. तो गळत असेल तर ब्रेकचा व्हॅक्यूम जातो.

वाइडबँड

वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण तुमचा निर्णय पेट्रोलवर अडणार आहे. २१० एचपीला, बूस्टखालचं रिच (जास्त पेट्रोलचं) मिश्रण धरून, ताशी साधारण ७७ लिटर पेट्रोल लागतं. चार इंजेक्टर आणि ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर प्रत्येकी ४०० सीसी प्रतिमिनिट. १५० एचपीच्या इंजिनात सहसा २५० ते ३०० सीसीचे असतात. म्हणजे सुपरचार्जरला ४४० च्या आसपासचे इंजेक्टर, मोठा पंप आणि २ बार किंवा त्याहून मोठा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा). मूळचा १ बारचा सेन्सर बूस्ट वाचतच नाही. ईसीयूला वाटतं नुसता थ्रॉटल उघडलाय.

वेट नायट्रसमध्ये जादा पेट्रोल वेगळ्या सोलेनॉइडने जातं, त्यामुळे इंजेक्टर चालतील. पंप मात्र दोन्हीकडे पुरला पाहिजे. तो पुरतो का हे गाडीत बसून अंदाजाने ठरवू नका. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावून पूर्ण थ्रॉटलला पाहा. दाब ठरलेल्या आकड्यापासून ०.२ बारने जरी खाली आला तरी पंप संपलाय असं समजा. इंधनाचा दाब पडल्यावर नायट्रस तोडणारा स्विच किटमध्ये नसेल तर तो आधी विकत घ्या, बाटली नंतर.

वेटचा धोका मॅनिफोल्डमध्ये आहे. तुमचा मॅनिफोल्ड फक्त हवेसाठी बनलेला. कमी आरपीएमला पेट्रोल वळणावर भिंतीला लागून तळाशी साचतं, मग एक बॅकफायर आणि प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड फुटतो. ईसीयू रिमॅप होतोय, तर मोठे इंजेक्टर टाकून ड्राय (जादा पेट्रोलही इंजेक्टरमधूनच) करणं मला जास्त पटतं.

चौथा गिअर

पटलं. दोन शंका. बाटली डिकीत तापली तर? आणि आधी ५० एचपीचा नायट्रस लावून पुढे त्यावर सुपरचार्जर चढवला तर चालेल का?

रिंगगॅप

जेटचे तक्ते ९०० ते १,००० पीएसआय धरून केलेले असतात, म्हणजे बाटली ३० अंशांच्या आसपास. थंड बाटलीने मिश्रण रिच होतं; पॉवर जाते, नुकसान होत नाही. तापलेली बाटली मात्र वेटमध्ये नायट्रस जास्त ढकलते आणि पेट्रोल तेवढंच राहतं, म्हणजे लीन (पेट्रोल कमी). त्यात ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रव राहूच शकत नाही, मग मापाचा भरवसाच संपतो. म्हणून दाबाचं गेज ड्रायव्हरला दिसेल असं लावा आणि १,१०० च्या वर असताना बटण दाबू नका. हीटर घ्याल तर प्रेशर स्विचवाला. ज्योत कधीही नाही. सेफ्टी डिस्कची (दाब फार वाढल्यावर फुटणाऱ्या चकतीची) नळी गाडीबाहेर काढा, कारण बंद केबिनमध्ये वायू सुटला तर माणूस गुदमरतो. बाटली बसवताना व्हॉल्व्ह पुढच्या बाजूला आणि किंचित वर, लेबल वर. आतली सायफन नळी मग मागच्या तळाशी राहते, जिथे वेग घेताना द्रव जमतो.

दोन्ही एकत्र करण्याबद्दल: सेंट्रिफ्यूगलवर छोटा शॉट छान जमतो, कमी आरपीएमची पोकळी भरतो आणि हवाही गार करतो. पण तुमच्या रिंगांना नाही. ८६ च्या बोअरला रिंगच्या टोकांमधला कारखान्याचा गॅप ०.२५ ते ०.३५ मिमी असतो. अशा इंजिनाला बांधताना तो ०.४५ ते ०.५ ठेवतात. उष्णतेने रिंगची टोकं एकमेकांना भिडली की रिंग अडकते आणि पिस्टनची कड तोडून बाहेर येते. पिस्टन न बदलता दोन्ही लावू नका.

वाइडबँड

पहिलं काम दोन्हीकडे एकच: कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते ते पाहणं). सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर काहीच लावू नका. मग वाइडबँड (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा सेन्सर) आणि नॉकचा लॉग, मूळ अवस्थेतच. मग पंप, इंजेक्टर, प्लग. क्लचही पाहा, २६० न्यूटन मीटरला मूळचा क्लच तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये घसरतो. एवढं झाल्यावर सुपरचार्जरला ५ पीएसआयची मोठी पुली लावून सुरुवात करा, एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ११.५ ते ११.८ ठेवा आणि लॉगमध्ये नॉक शून्य दिसला तरच लहान पुली.

पुली

त्या ५ पीएसआयच्या लॉगमध्ये इंटरकूलरनंतरचं तापमानही घ्या. एक धाव नको, सलग चार. चौथ्या धावेला ते पहिलीपेक्षा २० अंशांनी चढलं असेल तर लहान पुली विसरा आणि आधी मोठा इंटरकूलर.