लिंक रॉड नवीन टाकले तरी पुढून खटखट चालूच, आता म्हणतात दोन्ही शॉकप बदला

घाटातला_प्रवासी
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किमी झालेत, मी दुसरा मालक. राहायला चिपळूण, कामानिमित्त आठवड्यातनं तीनदा खेडला जाऊन-येऊन, म्हणजे परशुराम घाट आलाच, आणि हायवे सोडून आत वाडीत शिरलं की पावसाळ्यानंतर रस्त्याची काय दशा असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तर गणपतीच्या सुमारास पुढून खटखट सुरू झाली. १५-२० च्या स्पीडला बारीक खड्ड्यात जास्त, स्पीड वाढवला की कमी वाटते (का इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही देव जाणे). मजा म्हणजे मोठ्या स्पीड ब्रेकरवरून सरळ गेलो तर जवळपास काहीच नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की लगेच खट्ट. गॅरेजवाल्याने लिंक रॉड (पुढच्या सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे) गेलेत म्हणून सांगितलं, दोन्ही बाजूचे बदलले, मजुरीसकट २१०० घेतले. आठ दिवस गाडी एकदम शांत, नवव्या दिवशी परत तेच आणि ह्यावेळी आवाज आधीपेक्षा मोठा. परत गेलो तर म्हणतो आता शॉकप गेलेत, दोन्ही टाका, ११ हजार होतील. म्हटलं मग आठ दिवस आवाज कसा काय बंद होता, तर त्यावर उत्तर नाही. शॉकप खरंच गेलेत का आधी दुसरं काही बघू? आणि असं चालवत राहिलं तर धोका आहे का, घरचे सगळे ह्याच गाडीत असतात.

फिटरचा_पोरगा
शॉकपचे ११ हजार आत्ता खिशातच ठेव भाऊ. आमच्या वडिलांचं कराडला गॅरेज होतं, मी दहावीपर्यंत तिथे पाने पुसण्यात गेलेला माणूस आहे म्हणून सांगतो, तुझ्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंच्या लिंक रॉडना जोडणारी आडवी सळई) नुसता आपल्या बुशमध्ये, म्हणजे रबरी पकडीत, फिरतो, त्याला पीळ बसत नाही, त्यामुळे लिंक रॉडला काम पडत नाही. एकच चाक वर गेलं की बार पिळला जातो आणि सगळा झटका लिंक रॉडवर येतो. म्हणजे तुझा आवाज अजूनही त्याच भागातला आहे, लिंक रॉड नाहीतर बारचे मधले दोन बुश. शॉकप गेला असता तर ब्रेकरवरसुद्धा ठोका आला असता, गाडी उतरल्यावर दोनतीनदा डुलली असती, शॉकपच्या बॉडीवर बहुतेक तेल ओघळलेलं दिसलं असतं. टॉर्च घेऊन चाकाच्या आत बघ, ओलं आहे का नुसती धूळ.

आता लिंक रॉड चेक करताना ९०% लोक चुकतात. एक चाक जॅकवर घेतात आणि रॉड हलवून बघतात, हलत नाही, मग म्हणतात टाइट आहे. अरे एकच बाजू उचलली की बार पिळतो आणि तो पीळ लिंकला ओढून धरतो, मग पार गेलेला रॉडसुद्धा घट्टच लागणार ना. एकतर दोन्ही चाकं लोंबकळती पाहिजेत नाहीतर दोन्ही जमिनीवर, गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन. मग हाताने धरून जोरात वरखाली हलव, बोटांना टिक टिक लागेल. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालू नकोस, दोन्ही बाजूला स्टँड लाव, आणि शिवाय स्टेपनी काढून गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली सरकवून ठेव.

अजून एक, वडील असंच करायचे. दोन्ही बाजूच्या लिंकचं खालचं टोक सोडायचं, टायरला किंवा ब्रेकच्या पाइपला लागणार नाही असं तारेने बांधून ठेवायचं आणि त्याच खराब रस्त्यावर हळू एक चक्कर मारायची. आवाज गेला तर लिंक किंवा बार. तसाच राहिला तर त्या दोघांना सोडून पुढचं बघायचं. वीस मिनिटांचं काम आहे, पैसा शून्य. फक्त बार सुटलेला असताना वळणावर गाडी जास्त झुकते म्हणून घाटात जायचं नाही, गल्लीतच फिरव.

ठाणेकर_अण्णा
मी जरा उलटं बोलतो. ९४ हजार किमी कोकणच्या रस्त्यावर म्हणजे शॉकपचं आयुष्य तसंही संपत आलंय, आज नाही तर वर्षभरात टाकावेच लागतील, मग दोनदा मजुरी कशाला द्यायची? गॅरेजवाला अगदीच चोर आहे असं धरून चालू नका. माझ्या गाडीत असंच लिंक, बुश, माउंटिंग करत करत शेवटी शॉकपच निघाले होते आणि तोवर तीन वेळा मजुरी गेली होती.

फिटरचा_पोरगा
अण्णा शॉकप जुने असतील हे मान्य, पण आवाज कुठून येतोय ते न शोधता टाकले तर ११ हजार घालवूनही खटखट तशीच राहील आणि मग माणूस म्हणणार नवीन शॉकपच खराब निघाले. आधी शोधायचं, मग काय ते बदलायचं.

चाकोरीबाहेर
लिंक रॉडचं सोडा, तो तुटला तरी गाडी घरी येते. मला काळजी लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला असलेल्या बॉल जॉइंटची वाटते कारण कोणी बघितल्याचं तुम्ही लिहिलं नाहीये. आमच्या मेव्हण्यांची गाडी, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की कट् कट् करायची, चारपाच महिने करत होती, "जुनी गाडी आहे, करणारच" म्हणून कोणी बघितलं नाही. एक दिवस कोल्हापुरात गल्लीतून पार्किंगला वळवताना, स्पीड दहा पण नसेल, धाडकन पुढचा कोपरा बसला. उतरून बघतो तर उजवं चाक वरून आत नि खालून बाहेर असं तिरकं पडलेलं, आर्म खाली रस्त्याला टेकलेला, एक्सल बाहेर ओढला गेलेला आणि फेंडर टायरवर बसलेला. दोन दिवस आधी तीच गाडी आंबा घाट उतरून आली होती. तेव्हापासून ताई त्या गाडीत बसायला तयार नाही, शेवटी विकली.

चेक करायचं सोपं आहे. चाक उचलून वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर, दोन हात धरून आतबाहेर हलवायचं. प्ले (सैलपणा) लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. ३ आणि ९ वर हलवून प्ले आला तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड, म्हणजे स्टेअरिंगचे सांधे. आणि टायरखाली एक पहार घालून वर उचकटून बघा, आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वेगवेगळे हलताना दिसले तर गाडी तिथून हलवायचीच नाही, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवायचा. बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं असेल तरी तो गेला असंच समजा, आपल्याकडच्या पाण्यात नि चिखलात तो नंतर फार टिकत नाही.

नाना_देवरुख
आमच्याकडे महिनाभर खटखट होती, दोन गॅरेज झाली. शेवटी डिकीत बघितलं तर जॅकचा स्क्रू सैल आणि त्याच्या बाजूला आईने देवाला ठेवलेला नारळ. हसू नका. आधी डिकी रिकामी करून एक चक्कर मारा मगच पैसे खर्च करा.

घाटातला_प्रवासी
नाना, डिकी रिकामी केली 😀 एक छत्री आणि गेल्या वर्षीचे दोन आंब्याचे खोके निघाले, आवाज आहे तिथेच आहे.

शॉकप दोन्ही कोरडे आहेत, नुसती धूळ. बॉनेट दाबून सोडलं तर एकदा वर येऊन थांबते. रविवारी मित्राच्या गॅरेजात खड्ड्यावर गाडी घेतो आणि सांगितलंय तसं करतो.

ठाणेकर_अण्णा
खड्ड्यावर घेतलीच आहे तर स्ट्रटचं (शॉकप-स्प्रिंगच्या खांबाचं) वरचं माउंटिंग पण बघून घ्या. गाडी उभी ठेवून कोणाला तरी स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवायला सांगा आणि तुमचा हात स्प्रिंगवर नुसता ठेवा, बोटं दोन वेढ्यांच्या मध्ये घालायची नाहीत. स्प्रिंग सरळ फिरायला पाहिजे, अडकून टण् करून उडी मारली तर वरचं बेअरिंग गेलं. आणि स्प्रिंगचा शेवटचा वेढा मोडलाय का तेही बघा, तिथे गंज धरतो, आणि मोडलेलं टोक टायरला लागलं तर टायर चिरतो.

घाटातला_प्रवासी
मंडळी सापडलं!! जरा सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

दोन्ही लिंक सोडून गल्लीत फिरवली, आवाज गायब. मग परत खड्ड्यावर घेऊन एकेक बघितलं. डावी लिंक एकदम बरोबर. उजव्या लिंकचा खालचा नट, जो बारला बसतो, तो बघायला जागेवर होता पण बोटाने चक्क फिरला. बाहेर काढलं तर बारच्या भोकाभोवती नटाच्या मापाची चकचकीत रिंग पडलेली, बाकी सगळीकडे माती आणि गंज आणि तेवढीच जागा नव्या स्टीलसारखी घासलेली, आणि रिंगच्या कडेला लाल पावडर, हात लावला की बोटाला हळदकुंकू लागावं तशी लागत होती. म्हणजे रोज तिथे लिंक भोकात आपटत होती. मित्राचा फिटर म्हणाला हे नट एअर गनने मारलेलं काम आहे, आत एलन की (षटकोनी किल्ली) धरली नाही, त्यामुळे बोल्टाचा गोळाच नटाबरोबर गरगर फिरत राहिला, गनचा आवाज ऐकून त्याला वाटलं टाइट झालं, आणि खरं तर ते कधी बसलंच नव्हतं. आठ दिवस चिकटून राहिलं एवढंच. गोळा फिरल्याने नव्या लिंकचा बूट पण पिळून फाटलेला. लिंक नवीन असून पंधरा दिवसात फेकायची.

भोक अजून गोल आहे, लांबट झालेलं नाही, त्यामुळे बार वाचला. नवीन लिंक, नवीन सेल्फ लॉक नट, आतून एलन की धरून हाताच्या पान्याने आवळलं आणि शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) मारला, माप सर्व्हिस मॅन्युअलमधून बघून. जुना नट परत लावायचा का विचारलं तर फिटर म्हणाला एकदा निघालेला लॉक नट पकडत नाही, तो टोमॅटोच्या टोपलीत टाका. त्याच्याकडे खरंच एक टोमॅटोची टोपली आहे, भंगाराची.

आता चाकोरीबाहेर यांच्यासाठी. १२-६ ला उजवीकडे काही नाही, डावीकडे ब्रेक दाबूनसुद्धा बारीक टक् लागलं. पहार घातल्यावर मलासुद्धा दिसलं एवढं हलत होतं. बूट चिरलेला, आत ग्रीसच्या जागी लाल चिखल. ह्याचा आवाज मला कधी वेगळा ऐकूच आला नव्हता, लिंकच्या खटखटीत झाकला गेला होता. ह्या गाडीत बॉल जॉइंट आर्मसकट येतो म्हणून डावा आर्म पूर्ण बदलला, दोन दिवस गाडी तिथेच ठेवली आणि एसटीने गेलो. खरं सांगू, ती लिंक नीट आवळली गेली असती तर आवाज बंद झाला असता आणि मी तसाच घाटात फिरत राहिलो असतो.

चाकोरीबाहेर
बरं झालं. आर्मचे बुशचे बोल्ट फायनल टाइट करताना गाडी चाकांवर उभी होती ना? लोंबकळत्या आर्मला टाइट केलं तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

घाटातला_प्रवासी
हो, त्याने आधी नुसते अडकवले, मग गाडी खड्ड्यावर चाकांवर उभी करून खालून आवळले. अलाइनमेंट शनिवारी करतोय, स्टेअरिंग किंचित उजवीकडे राहतंय सध्या. पहिल्या गॅरेजवाल्याला लिंक दाखवली, तो काही बोलला नाही पण मजुरीचे ४०० परत दिले.

एक शेवटचं, पहिल्यांदा निघालेली जुनी डावी लिंक माझ्याकडेच आहे, हाताने हलवली तर प्ले अजिबात नाही. स्पेअर म्हणून गाडीत ठेवू का?

फिटरचा_पोरगा
नको रे, डिकीत खटखटेल. टोपलीत टाक.