फ्रोझन व्हेज पाय खाऊन पोट भरतंय पण अंगाला काय लागतंय का?

राजारामपुरीत मॉलमधनं फ्रोझन व्हेज पाय (pie, कव्हरात भाजी भरून भाजलेला पदार्थ) आणलाय, पोरगं डब्याला रोज तेच मागायलंय. पाकिटावर २५० कॅलरी, फॅट १४ ग्रॅम, सोडियम ४०० मिग्रॅ लिहिलंय, म्हटलं ठीकच हाय की. भाज्या हायत म्हणजे पौष्टिकच ना?

रंकाळाकर: भावा, ते १०० ग्रॅमचं असतंय! पाय किती ग्रॅमचा हाय बघ आधी.

प्रश्नकर्ता: २०० ग्रॅम 😅

रंकाळाकर: मग झालं की डबल. ५०० कॅलरी, त्यातल्या २५२ नुसत्या फॅटच्या, एका ग्रॅमला ९ धरायच्या. सोडियम ८०० म्हणजे मीठ झालं २ ग्रॅम, आणि मोठ्या माणसाला दिवसाला ५ च्या आत ठेवा म्हणतात, पोराला त्याहून कमीच.

ताई_शाहूपुरी: फ्रोझन भाजीला उगं नावं ठेवू नका, वाफवून लगेच गोठवतात, जीवनसत्त्वं बरीच टिकतात. घोळ वरच्या मैदा-फॅटच्या कव्हरात हाय. आमच्यात एकदा कापून बघितला तर आत चार वाटाणे, गाजराचे दोन तुकडे, बाकी सगळा पांढरा सॉस! घटकांच्या यादीत पयलं काय लिहिलंय ते वाचा, जे जास्त ते आधी असतंय.

प्रश्नकर्ता: पयला मैदाच हाय ओ ताई 🤦 आता रविवारी अर्धा-अर्धा, संगं काकडी.